नंदीच्या शिंगातली मेख

आमच्या गावात कुणाचं दगडाचं काही मोडलं की मला बोलावतात, आणि मी गेलो की जे शाबूत असतं तेही मोडतं, असं माझी बायको चिमा म्हणते. ती वाढवून सांगते. देवळामागच्या विहिरीचा काठ मोडला तो माझ्या हातून नव्हे. मी बोलत होतो, हात आपला आपण चालला होता. मी महिपत पाथरवट. पाटे, वरवंटे, जाती, उखळी घडवणं हे माझं काम आणि बोलणं हा माझा धंदा. पोट कामावर भरतं, पण जीव रमतो तो धंद्यात.

माझा बाप धाकू पाथरवट मात्र खरा कारागीर. बुरोंडीच्या अलीकडे, दर्यावर पुढं आलेल्या टेकाडावर आमच्या सोमेश्वराचं देऊळ आहे. त्याच्यापुढचा काळवत्री दगडाचा नंदी बानं घडवला. गळ्यातली घुंगुरमाळ, पाठीवरची झूल, आणि नाकपुडी तर अशी की आता फुरफुरेल. त्यात एकच अडचण झाली होती. दगड डोक्याकडे आखूड पडला, म्हणून दोन्ही शिंगं वेगळी घडवून मागून बसवावी लागली. अशा जोडकामात धातूची मेख घालतात. अर्धी डोक्यातल्या भोकात, अर्धी शिंगात, आणि भोवती वितळलेलं शिसं. बाहेरून कुणाला पत्ता लागत नाही.

आता त्या शिंगांवर भार किती ते ऐका. आमच्याकडे पिंडीसमोर उभं राहून कुणी दर्शन घेत नाही. नंदीच्या मागं वाकायचं, एका शिंगाला अंगठा टेकवायचा, दुसऱ्याला तर्जनी, आणि त्या चौकटीतून पिंडी बघायची. म्हणजे गावातला एकूण एक हात त्या शिंगांवर पडतो. कुणाचा हलका पडतो, कुणाचा असा पडतो की जणू बैल विकतच घ्यायचाय.

बाचे डोळे मोतीबिंदूनं गेले. तेव्हापासून तो माझं डावं मनगट धरून चालतो; मनगट म्हणजे मनगटातलं तांब्याचं कडं. ते माझ्या हातात मला समजतंय तेव्हापासून आहे. उघड्या तोंडाचं, मी वाढलो तसं तेही उघडत गेलं. का घातलं, कुणी घातलं, हे मी कधी विचारलं नव्हतं. मी विचारणाऱ्यातला नव्हे, सांगणाऱ्यातला.

तीस-बत्तीस सालचा शिमगा असेल. पालखी नाचून देवळाबाहेरच्या सहाणेच्या चौथऱ्यावर बसली होती आणि मुंबईहून आलेले आमचे चाकरमानी देवळात गर्दी करून होते. त्यांचा पुढारी हरिश्चंद्र, गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम. तो दर्शनाला वाकला, शिंगांना बोटं लावली आणि नंदीचं उजवं शिंग त्याच्या हातात आलं. बिचारा तसाच उभा राहिला, शिंग हातात धरून.

झालं! सभामंडपात गाव बसला. गंगाराम गावकर आमचे मानकरी, देवळाचा शब्द त्यांचा. हरिश्चंद्रानं शिंग खाली ठेवलं आणि घसा साफ केला.

"गावकर, खंडित मूर्ती देवापुढं ठेवत नाहीत. हा दर्यात सोडू. आम्ही मुंबईहून संगमरवरी नंदी आणतो. पांढराशुभ्र, अखंड, शिंगांसकट."

मला राग आला. संगमरवराचा आला, शिंगांसकटचा त्याहून जास्त. मी तरातरा पुढं झालो, नंदीच्या डोक्यातल्या भोकात बोट घातलं आणि बाहेर काढून सगळ्यांना दाखवलं. बोट तांबडंलाल. लोखंडाचा गंज.

आणि मग माझा धंदा सुरू झाला.

"बघा! नीट बघा! लोखंडाची मेख! अहो, इथं खारं वारं बारा महिने. लोखंड गंजतं, गंजलं की फुगतं, फुगलं की आतून दगड फोडतं. नंदी काय करील? मूर्तीत दोष नाही, दोष मेखेत आहे! आमच्या धंद्यातलं शेंबडं पोर सांगेल की दर्याकाठी लोखंड घालू नये. ज्या कुणी ही मेख घातली तो पाथरवट नव्हता, गाढव होता. गाढव!"

भाषण झकास झालं होतं. मी टाळ्यांची वाट बघत होतो. तेवढ्यात पायरीवर बसलेल्या बाचा आवाज आला.

"महिपत्या, त्या गाढवाचं नाव धाकू."

नंदी बानं घडवला हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण बोलताना मी डोकं वापरत नाही, ते कामासाठी राखून ठेवतो. आता तरी गप्प बसावं ना? छे.

"तुम्ही नसाल बा. दुसरं कुणी गाढव असेल."

"दुसरं आता बोलतंय," बा म्हणाला.

मग जो हशा पिकला तो बाहेर सहाणेपर्यंत ऐकू गेला. गंगाराम गावकरांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि निवाडा दिला. शिंग महिपतनं बसवावं. गणपतीला मुंबईकर पुन्हा येतील, तेव्हा सगळा गाव हात लावून दर्शन घेईल. शिंग हललं तर नंदी दर्यात आणि संगमरवरी देवळात. नाही हललं तर हाच राहील.

"आणि महिपत," गावकर म्हणाले, "मेख लोखंडाची नको हं. गाढवपणा होईल."

घरी आल्यावर बा जेवायला बसला तर भात चिवडत राहिला. मी म्हटलं, "बा, चुकलं माझं. तोंडाला आवर नाही."

"तोंडाचं काय घेऊन बसलास." त्यानं ताट सारलं. "माझे डोळे गेले. हात कापतात. इतक्या वर्षांत पायऱ्या घडवल्या, जाती घडवली, सगळी झिजून गेली. माझ्या हातचं म्हणावं असं तेवढं एक राहिलंय. तो बैल दर्यात गेला तर मी होतो कशावरून रे?"

मी घडवलेले पाटे-वरवंटे घरोघरी आहेत, पण त्यातल्या एकावरूनही मी होतो असं कुणी म्हणणार नाही. मिरची वाटली गेली एवढंच म्हणतील. म्हणून मी बाला वचन दिलं की अशी मेख घालीन की पुढच्या सात पिढ्या शिंगाला लोंबकळल्या तरी ते हलणार नाही. वचन मी नेहमी थोडं मोठंच देतो.

आता मेख कसली? लोखंड गेलं. राहिलं पितळ आणि तांबं. दुसरा कुणी असता तर चार जाणत्यांना विचारून आला असता. मला मात्र स्वतःच पारख करायची होती, म्हणजे पुढं सांगताना 'मी शोधून काढलं' असं म्हणता येतं.

खाडीवर बाबल्या होड्यांची डागडुजी करतो. त्याच्याकडून मोडीत निघालेल्या तारवाचा एक जाड पितळी खिळा आणला, तांब्याच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, आणल्या. लोखंड घरचंच. पडवीत तीन मडकी ओळीनं मांडली, दर्याचं पाणी भरलं, एकेकात एकेक धातू टाकला. आणि चिमाला बजावून सांगितलं, "या मडक्यांना हात लावायचा नाही. नंदीचं काम आहे."

"मी कशाला लावू? मला तुमची मडकी धुवायची हौस आलीय?" ती म्हणाली.

चैत्र गेला, वैशाख गेला, पाऊस लागला. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी मडकी दाखवत होतो. लोक पाणी मागायला यायचे आणि धातूंवरचं प्रवचन ऐकून तहानलेले परत जायचे. लोखंडाचं मडकं तांबडं झालं, ते अपेक्षितच होतं. पितळ आणि तांबं दोन्ही काळवंडत चालली होती आणि दोघांत उजवं कोण ते मला उमगत नव्हतं. उमगत नाही असं मात्र कुणाला सांगितलं नाही.

आणि मग दिव्यांची आवस आली. त्या दिवशी मी सकाळीच वरवंट्यांना टाकी लावायला वाडीत गेलो होतो. दुपारी येऊन मडक्यात डोकावतो तर काय! पितळ असं झळकत होतं की त्यात माझं तोंड दिसत होतं. तांब्याच्या चुकाही लखलखीत, पण पितळेची सर नाही. अहाहा! म्हटलं, आधी काळं पडतं, मग स्वतःच कात टाकतं, हाच तो गुण! खाऱ्या पाण्यात इतके महिने राहून पितळ सोन्यासारखं! खिळा उचलला, तसाच भर पावसात देवळात गेलो. तिथं दिव्यांच्या पूजेला अर्धा गाव जमला होता. गंगाराम गावकर होते, बाबल्या होता, बायका समया मांडत होत्या.

मी खिळा वर धरला. "पितळ! मेख पितळेची! मी चार महिने दर्याच्या पाण्यात ठेवून पारखलंय. डाग नाही, गंज नाही. गावकर, हे बघा, स्वतःचं तोंड बघून घ्या!"

गावकरांनी खरंच बघून घेतलं. सगळे माना डोलवत होते. आणि समया मांडणाऱ्या बायकांतून चिमा ओरडली, "अवो, तो खिळा मी घासलाय!"

"काय?"

"दिव्यांची आवस नाय का? घरातलं सगळं तांबं-पितळ घासायला काढलं, आमसुलं लावली, राख लावली. तुमच्या मडक्यातलं तेवढं काळं ठेवू? लक्ष्मी काय म्हणेल? मडक्याला नाय लावला हात. खिळा आणि चुका तेवढ्या उचलल्या."

बाबल्या म्हणाला, "महिपतचं पितळ उघडं पडलं रे!" आणि मग आख्खा सभामंडप तेच म्हणायला लागला. बायकासुद्धा. देवापुढच्या समयाही हसत असतील तर मला नवल वाटलं नसतं.

संतापानं मी तो खिळा जोत्यावर आपटला. जोरात आपटला हे खरं, पण बोटाएवढा जाड पितळी खिळा मोडावा कसा? तो कडकन मोडला. दोन तुकडे. मी वाकून उचलले तर आतून पिवळं नव्हतंच. लालसर, भुसभुशीत, नखानं खरवडलं तर भुगा पडत होता. वर्षानुवर्षं तारवात खारं पाणी पिऊन तो आतून संपलेला होता आणि वरून चिमाच्या आमसुलानं लखलखत होता.

हसणं थांबलं. गावकर तुकडा हातात घेऊन म्हणाले, "म्हणजे बायकोनं घासला नसता तर तू आपटला नसतास, आणि आपटला नसतास तर हाच नंदीच्या डोक्यात गेला असता."

तेव्हापासून चिमा म्हणते की नंदी तिनं वाचवला. तिला तोडीस तोड उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

तर तांबं ठरलं. पण तांबं आणायचं कुठून? बाबल्याच्या चुका काडीसारख्या बारीक. मला बोरूच्या जाडीची सबंध कांब हवी होती. दापोलीला कासार होता, पण श्रावणातला पाऊस, ओढे भरलेले, रस्ता चिखलात बसलेला, आणि कासार स्वतःच तापानं अंथरुणात. नारळी पौर्णिमा झाली, मुंबईची आगबोट सुरू झाली आणि चाकरमान्यांचे निरोप यायला लागले. संगमरवरी नंदी बघून ठेवलाय, असा हरिश्चंद्राचा खास निरोप होता. बा रोज विचारायचा, "मेख मिळाली?" मी रोज म्हणायचो, "मिळेल हो." माझा जीव टांगणीला लागला होता.

एके दिवशी सहज मनात आलं, उजव्या शिंगात लोखंड, मग डाव्यातही असणार. आज ना उद्या तेही पडणार. म्हणून डावं शिंग हलक्या हातानं सोडवलं, शिसं कोरून काढलं आणि मेख बाहेर आली. वरून हिरवी, पातळ हिरवी साय चढलेली. नखानं खरवडली तर आत लालभडक तांबं. इतक्या वर्षांत केसभर झिजली नव्हती.

मी मेख घेऊन बापुढं बसलो. "बा, हे काय? डावीकडं तांबं, उजवीकडं लोखंड? असं कुणी करतं का?"

बानं मेख बोटांनी चाचपली.

"दोन्ही तांब्याच्याच होत्या," तो म्हणाला. "देवळाच्या कामाला म्हणून एका कांबेच्या दोन केल्या. डावं शिंग बसवलं. उजव्याची मेख हातात घेतली तवा घरून हाक आली, पोराला आचके आले. तू एवढासा. मी मेख टाकून पण नाय दिली, तसाच धावलो. गुरव म्हणाला, देवाच्या कामातलं तांबं पोराच्या अंगावर घाल. ती मेख हातातच होती. तिथंच वाकवली आणि तुझ्या हातात घातली. तुझ्या आईनं पदर पसरला. दिवस मावळायला तू डोळे उघडलेस."

मी माझ्या मनगटाकडे बघितलं.

"दुसऱ्या दिवशी नंदी बसवायचा होता. दुसरं तांबं नव्हतं. तुझ्या हातातलं कसं काढू? मी देवाला म्हटलं, बाबा, तुझं तांबं माझ्या पोराला दिलंस, तू लोखंडावर भागव. आणि घातली लोखंडाची." बा हसला, पण ते हसणं नीट नव्हतं. "दर्याकाठी लोखंड घालू नये हे मला कळत होतं रे. शेंबड्या पोराला पण कळतं."

काय सांगू तुम्हाला! माझ्याच जिवापायी झालेल्या कामाला मी भर सभेत गाढवपणा म्हटलं होतं, आणि तेही ते कडं हातात मिरवत. वाटलं, जमीन फाटावी. आणि लगेच दुसरा विचार आला, कारण मी शेवटी पाथरवट आहे: बोरूच्या जाडीची, सबंध, त्याच कांबेची मेख माझ्या हातातच आहे की!

"बा," मी म्हटलं, "मग काम सोपं झालं. कडं काढतो आणि..."

बानं माझं मनगट असं पकडलं की कळ आली. "नाय! ते काढायचं नाय! देवाशी देवाणघेवाण झालीय ती. तांबं परत दिलंस आणि त्यानं तुला परत मागितलं तर? नंदी जाऊ दे दर्यात. माझं नाव राहिलं नाय तरी चालेल. कडं हातातच ठेव, समजलास?"

"बा, माझे केस पिकले. मला आता कसले आचके येतात?"

"केस पिकले, अक्कल नाय पिकली. शपथ घे."

मी शपथ घेतली. आणि त्याच संध्याकाळी पडवीच्या कोपऱ्यात बसून कडं काढायला लागलो. शपथेचं काय ते देव बघून घेईल असं म्हटलं. इतकी वर्षं लोखंडावर भागवलं त्यानं. पण खरं सांगतो, ते तोंड उघडून मनगटातून सरकवताना मी, महिपत पाथरवट, भुताखेतांवर गावभर हसणारा, डोळे मिटून "आये गं" म्हणालो. चिमा खोबरेल तेलाची वाटी घेऊन समोर बसली होती, ती हसली नाही. कडं सुटलं. मी थोडा वेळ थांबलो, मला काही होतंय का बघितलं. भूक लागली होती, तेवढीच.

आता बापासून लपवायचं कसं? तो तर उठल्यासुटल्या कडं धरणार. युक्ती चिमाचीच. तिच्या माहेरच्या ट्रंकेला पितळी कडी होती. ती काढली, वाकवली, माझ्या मनगटात घातली. ट्रंकेला एकच कडी उरली, ती उचलताना अजून वाकडी होते.

दुसऱ्या दिवशी बानं मनगट धरलं, क्षणभर थांबला. मग तो चालायला लागला. म्हटलं, जिंकली!

कडं मी भट्टीत लाल केलं आणि पाण्यात बुडवलं. तसं केलं की तांबं नरम पडतं. हळूहळू सरळ केलं, मग थंडच ठोकून पुन्हा कडक केलं. भोकातला गंज खरवडून, धुऊन काढला. निखाऱ्यांची शेगडी धरून भोक पार कोरडं केलं, कारण ओल राहिली तर शिसं उसळून तोंडावर येतं, आणि माझं तोंड मला अजून लागणार होतं. कोळ्यांकडून जुन्या जाळ्याची शिशाची वजनं आणली होती, ती वितळवून ओतली. दोन्ही शिंगं पूर्ववत उभी राहिली. बानं विचारलं, "मेख कसली घातलीस?"

"बाबल्यानं दिली. तारवातली तांब्याची कांब."

"बरं," बा म्हणाला. एवढंच.

त्या दिवसांत एक चमत्कारिक प्रकार सुरू झाला. पहाटे पहाटे माझ्या नाकाशी काहीतरी वळवळायचं. ऊबदार, तंबाखूच्या वासाचं. झोपेत मी हातानं उडवून लावायचो. एकदा तर चांगला सणसणीत फटका दिला आणि ओरडलो, "मेल्या मांजरा!" उठून बघितलं तर कुणी नाही. चिमाला म्हटलं, तुझ्या मांजराला आवर. ती म्हणाली, मांजर चुलीपाशी आहे. मग मला भीती वाटायला लागली. कडं काढल्यापासूनच हे होतंय, हे माझ्या लक्षात आलं होतं. कुणाला बोललो नाही. दिवसा मात्र भुताखेतांवर हसायचं चालूच ठेवलं.

गणपती आले, मुंबईकर आले. देवळात मुंगी शिरायला जागा नाही. गावकरांनी हरिश्चंद्राला पहिला मान दिला. त्यानं बाह्या सरसावल्या, अंगठा लावला, तर्जनी लावली, नमस्कार केला, आणि मग दोन्ही हातांनी उजवं शिंग धरून असं हिसडलं की मी डोळे मिटून घेतले. शिंग हललं नाही. त्यानं पाय रोवून पुन्हा हिसडलं. नंदी जागचा हलेल अशी वेळ आली, पण शिंग नाही. मग आख्ख्या गावानं हात लावला. बाबल्या तर लोंबकळला. शेवटी हरिश्चंद्र म्हणाला, "गावकर, संगमरवरी राहू द्या. आमच्या चाळीतल्या गणपतीपुढं बसवू त्याला."

मी भाषणाची तयारी करत होतो. तेवढ्यात बा पुढं आला. लोकांनी वाट दिली. त्याला पिंडी दिसत नाही, पण तो वाकला, अंगठा टेकवला, तर्जनी टेकवली आणि तसाच राहिला. त्याचे ओठ हलत होते. मग त्यानं मागं हात करून माझं मनगट धरलं आणि मला जवळ ओढलं.

"उजव्या शिंगात माझं तांबं हाय," तो हळूच म्हणाला. "आणि हे तुझ्या हातात चिमाच्या ट्रंकेची कडी हाय."

"बा... तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी. त्या कड्याला माझ्या अंगठ्यानं खड्डा पडलाय. या पितळेला खड्डा कुठाय?"

"मग बोलला का नाही?"

"बोललो असतो तर तू कडं परत हातात घातलं असतंस. मला पण नंदी हवा होता रे." बा म्हणाला. "माणूस हावरट असतो. नाव पण हवं, पोर पण हवं. मग रोज पहाटे यायचो आणि तुझ्या नाकाशी हात धरून बघायचो, श्वास चाललाय का. तू एवढासा होतास तवा बघायचो तसा."

मी त्याच्या हाताकडे बघितलं. तळव्याला तंबाखू लागलेली होती.

"एके दिवशी लई हळू चालला होता श्वास. मला वाटलं, मागितलं बघ देवानं. आणि तेवढ्यात तू असा फटका ठेवून दिलास की हात सुजला." बा हसायला लागला, आणि त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "मग निवांत जाऊन झोपलो. म्हटलं, जगलं पोर."

गंगाराम गावकर म्हणाले, "बोल महिपत, चार शब्द बोल." सगळा गाव माझ्याकडे बघत होता. मी बाचा हात दोन्ही हातांत धरून तिथंच उभा राहिलो आणि एक शब्दही बोललो नाही. चिमा साक्षीला आहे, तरी गावात हे अजून कुणाला खरं वाटत नाही.